जैतोजीची पाठ

सावळगडाच्या तटावर तांबडं फुटलं, तेव्हा खालचं खोरं धुक्यानं असं भरलं होतं की मोगलांची छावणी, तिचे डेरे, तिच्या तोफा, सारं त्यात बुडून गेलं होतं; वर मात्र अंबारखान्यातल्या धान्याचा तळ दिसू लागला होता आणि उपाशीपोटी माणसं घोड्यांचे तंग आवळत होती.

आज मोगलांच्या रसदेवर घाला घालायचा होता. डाव जुनाच. मारायचं, भ्याल्याचं सोंग करून पळायचं, आणि मागं लागलेला गनीम खिंडीत आणायचा. तिथं बंदूकवाले दबा धरून होते. कर्णा वाजला की घोडी खिंडीकडे फिरवायची.

पथकाची सरदारी निंबाजीकडे होती. बाप गेल्या पावसाळ्यात बुरुजावर पडला, म्हणून पागोटं पोराच्या डोक्यावर आलं. पागोटं एका दिवसात बसतं; त्याखालचं डोकं बसायला वेळ लागतो.

महादरवाजात विधवा आईनं ओवाळायचं नाही, म्हणून तबक धरलं म्हाताऱ्या जैतोजीच्या बायकोनं, पारूनं. बोलण्याला तेवढी बंदी नव्हती. आई, मैनाबाईसाहेब, बोलल्या.

"निंबाजीराव, घाव छातीवर घ्या. पाठीवर घेऊन आलात, तर हा दरवाजा तुम्हांला उघडायचा नाही."

बापाला आणि लेकाला, दोघांनाही घोड्यावर बसायला शिकवणारा जैतोजी मिशीत हसला. "बाईसाहेब, पाठ दाखवल्याबिगर गनीम खिंडीत यायचा कसा? अक्षता धाडायच्या का त्याला?"

"तुमचं वय झालं, जैतोबा. कर्णा ऐकू तरी येतो का?"

तोफांपायी त्याचे कान गेले होते; बोलणं तो ओठांवरून ओळखे. "मला न्हाई येत. घोडीला येतो. ती फिरली की मी फिरतो."

"घरातबी तसंच हाय," पारू म्हणाली, आणि अख्खं पथक हसलं.

धुक्यातून पथक रसदेवर कोसळलं. निंबाजीच्या भाल्याखाली पहिला आला तो त्याच्याच वयाचा, सकाळची भाकरी हातात धरलेला. भाला आत जाताना जो जडपणा मनगटाला लागला, तो कुणी शिकवला नव्हता. रण म्हणजे हळदीकुंकू नव्हे, हे सांगून कुणाला कळलंय? तो भाला उपसतो न उपसतो, तोच कर्णा वाजला.

पथक फिरलं. निंबाजीचे दोन्ही कान धड होते. पण कर्ण्याहून मोठ्यानं त्याला आई ऐकू येत होती. घोडा आपणहून वळत होता, त्याचा लगाम त्यानं उलटा खेचला.

खिंडीकडे निघालेला जैतोजी मागं वळून पाहतो तो सरदार एकटा, आणि समोरून मोगलांचे स्वार. तो उलटा दौडला.

"फिरा, निंबाजीराव!"

"काका, मी पाठ दाखवणार नाही!"

"तर मग माझी दाखवू," असं म्हणून म्हाताऱ्यानं पोराचा लगाम हिसकला, तलवारीचा चपटा फटका घोड्याच्या पुठ्ठ्यावर हाणला, आणि खिंडीपर्यंत आपली घोडी पोराच्या मागं अशी चिकटवून ठेवली, की जे आलं ते म्हाताऱ्याच्याच पाठीत आलं.

खिंडीत बंदुका धडाडल्या, गनीम कापला गेला, धान्याचे बैल गडाला लागले. जैतोजी मात्र घोडीच्या मानेवर वाकला तो पुन्हा ताठ झाला नाही.

रणात पडलेल्याला गडावर नगारा झडे. पाठीवर घाव असला, तर नगारा मुका राही. महादरवाजात मैनाबाईंनी प्रेत पाहिलं. तोंड फिरवून त्या म्हणाल्या, "नगारा थांबवा."



निंबाजीनं चिलखत उतरवलं, अंगरखा काढला, आणि सगळ्या गडासमोर आईकडे पाठ करून तो उभा राहिला.

"बघा, आईसाहेब. एक ओरखडा नाही. कर्णा वाजला तेव्हा मी फिरलो नाही. माझ्या वाटणीचे घाव तिथं निजलेत."

मग मैनाबाई खाली बसल्या, आणि ज्या बाईनं नवऱ्याच्या वेळीही डोळे पदराआड ठेवले होते, तिनं त्याच पदरानं जैतोजीची पाठ पुसली.

"वाजवा," त्या म्हणाल्या.

नगारा झडू लागला. पारू नवऱ्याच्या उशाशी टेकली. "आता कशाला त्रास, बाईसाहेब," ती म्हणाली, "त्यांना कुठं ऐकू येतंय."

पुढच्या स्वारीला महादरवाजात तबक नव्हतं. दोघी विधवा शेजारी उभ्या होत्या. मैनाबाईंनी लेकाच्या पाठीवर तळवा ठेवला, आणि जन्मभर तोफेसारखी कडाडणारी ती जीभ एवढंच बोलली, "परत या."