बिननावाचा आवाज

"अहो पावणं, वर काय रेड्यांच्या टकरी लावल्यात व्हय? खाली आमच्या ढेपा हलायला लागल्यात!"

वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवरच्या भाड्याच्या खोलीत विद्याश्री तणतणतच शिरली. ड्रम थांबले. गळ्यात गिटार अडकवलेला राजवर्धन हसला.

"टकरी न्हाईत, रॉक हाय. कंपन्या नको म्हणाल्या, म्हणून माझा अल्बम मीच काढतोय. चहा घेणार?"

"नको."

"अर्धा?"

"नको म्हटलं की."

"बशीत तरी घ्या… ढेपांची माफी म्हणून."

तिनं घेतला. पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? आग्रह झाल्याशिवाय हात पुढं करायचा नसतो, असं आईनं लहानपणापासून शिकवलेलं.

मग हिवाळाभर तिला तक्रारी सुचत राहिल्या. खालून ताज्या गुळाचा वास चढायचा, वर तारा झणझणायच्या. एका दुपारी तो सूर शोधत बसला होता, आणि ती सहजच आजीची ओवी गुणगुणली —

जात्याच्या घरघरीत गं, माझं काकण वाजतं
मनातलं बाई नाव, ओठामागं लाजतं…

त्याची बोटं तारांवरच राहिली. "हेच पायजे होतं! पुन्हा म्हण की. माइककडं बघून."

"मग तुमच्याकडं कोण बघतंय?" ती म्हणाली. बघतच होती.

अल्बमचं नाव ठरलं 'ढेप'. कव्हर छापायला निघताना तो जिन्यात थांबला.

"विद्या… तुझं नाव माझ्या नावाशेजारी घालू? कव्हरावर… आणि अप्पा हो म्हणाले तर, जन्मभर?"

खाली अप्पांचा काटा खणखणत होता. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नको," ती म्हणाली… आणि वाट बघत राहिली. आता विचारेल. अर्धं तरी विचारेल.

"बरं," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला. बशीभर चहासाठी एवढा आग्रह करणारा मुलगा!

'ढेप'च्या कॅसेटी कॉलेजाकॉलेजांत फिरल्या. ओवीतली पोरगी कोण, असं सगळे विचारायचे. त्यानं कधी सांगितलं नाही. तिनं नको म्हटलं होतं ना. पुढच्या मोसमात ती लग्न होऊन निपाणीला गेली, तो पुण्याला.

बऱ्याच वर्षांनी ती माहेरी आली होती. अप्पा जेवायला गेलेले, अडतीत ती एकटी. दारात तो उभा. कानशिलांवरचे केस पिकलेले, हसू तेच.

"वरची खोली बघून जावं म्हटलं."

"चहा घेणार?"

"नको."

"अर्धा?"

"नको गं, गाडी हाय."

"बशीत तरी घ्या की…"

त्यानं बशी घेतली. "आग्रह लई बाई तुझा."

"तुम्ही मात्र…" तिनं नजर ढेपांकडं वळवली, "…एकदाच विचारलंत."

त्याच्या हातात बशीतला चहा हलला. वर तर आता कुणीच वाजवत नव्हतं.