सत्यवान विचारायचा

हे खरं घडलेलं आहे. खोटं रचून मला काय मिळणार? उलट माझ्याच नवऱ्याची अब्रू जायची.

अमावास्या नव्हती. मध्यरात्र तर नव्हतीच. मागच्या मे महिन्यातली टळटळीत दुपार होती आणि मिठबावच्या खाडीकडेची बर्फाची फॅक्टरी.

माझा नवरा आर्थर तिथे क्रशर चालवतो. लाद्या फोडून चुरा करणारी मशीन. होड्यांना मासळीसाठी तोच बर्फ जातो.

क्रशर अडकला की आत उतरून साफ करायचं काम सत्यवानचं. त्याआधी आर्थरने मेन स्विच पाडायचा, दांड्याला कुलूप घालायचं आणि चावी कमरेला लावायची. तरी आत शिरताना सत्यवान ओरडून विचारायचाच,

"आर्थर, कुलूप घातलंस मां?"

रोज! घरी आम्ही त्याची नक्कल करून हसायचो.

त्या दुपारी लाईट गेली. क्रशर भरलेलाच अडकला. सत्यवान म्हणाला, लाईट नाय तवसर साफ करून घेतंय. आर्थर जेवायला बसला होता, हात सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, कढीत. लाईटच नाही तर कुलूप कशाला, असं वाटलं त्याला.

"आर्थर, कुलूप घातलंस मां?"

"होय रे बाबा, घातलंय!"

आणि लाईट आली.

पुढचं मी लिहिणार नाही.

लाईट नाही म्हणून न विचारताच आत शिरला, लाईट अचानक आली, सत्यवानचं नशीब, असं सगळे म्हणाले. आर्थरही तेच म्हणाला. सत्यवानची बायको रुक्मिणी आर्थरचाच हात धरून रडली. "तुम्ही होतास म्हणान, नायतर तो एकटोच गेलो असतो," म्हणाली. त्या रात्री आर्थरने मला खरं सांगितलं. मला एकटीला.

ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला. सत्यवानच्या जागी निलेश आला. शेठने नियम बदलला. आता आत जाणाऱ्यानेच कुलूप घालायचं, चावी त्याच्याच खिशात.

एक दिवस निलेश आमच्या दारात. तोंड पांढरंफटक.

"वहिनी, लाईट गेली काय आतून कोण तरी इचारता."

"मेल्या, काल किती घेतलेलंस?" मी म्हटलं.

तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीच गेले. भुताखेतांना घाबरणारी मी नव्हे. जेवणाच्या वेळेला लाईट गेली. क्रशर थांबला. फॅक्टरी अशी गप्प झाली, की लाद्यांवरून टपकणारं पाणी ऐकू येत होतं.

मग तेही थांबलं...

ठक.

क्रशरच्या पोटातून.

ठक... ठक...

"आर्थर... कुलूप घातलंस मां?"

माझ्या हातातला डबा सुटला. निलेश बाहेर पळाला. आणि आर्थर? तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"तो बोललो? काय म्हणता?"

त्याला ऐकूच येत नव्हतं. सगळ्यांना ऐकू येत होतं, फक्त आर्थरला नाही.

मी सांगितलं. तसा तो धावत क्रशरच्या तोंडाशी गेला. "घातलंय रे, सत्यवान! ह्या बघ, दोन कुलपां घातलंय!" मग माझ्याकडे वळला. "तो गप झालो काय गो?"

गप? आवाज जवळ आला होता. तोच प्रश्न, पुन्हा पुन्हा...

आर्थरचे डोळे बघवेनात मला. महिनोन् महिने धड जेवला नव्हता, झोपला नव्हता.

"होय," मी म्हटलं. "तो गप झालो. बरा म्हणालो."

आर्थर मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्या रात्री तो घोरत झोपला. मी जागी होते. खोटं 'होय' किती सोपं असतं ते मला कळलं होतं.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिसाहून आलो. मी मिक्सरमध्ये खोबरं वाटत होते. लाईट गेली. चला, तेवढ्यात कडेचं वाटण खाली ढकलू म्हणून झाकण काढलं आणि बोटं भांड्यात घातली.

मागचं दार हललं नाही. तरी पाठीशी कुणीतरी उभं राहिलं... बर्फाचा गारवा मानेला लागला.

"वहिनी... बटाण बंद केलंस मां?"

मी हात खेचला.

त्याच क्षणी लाईट आली. मिक्सर गरगरला. खोबरं छतापर्यंत उडालं.

मी तिथेच उभी. माझी बोटं मी पुन्हा पुन्हा मोजत होते. ज्याला आर्थरने फसवलं आणि मी ते लपवलं, तोच मला वाचवून गेला होता. अगं आई गं, लाजेने मेले मी.

वर बघितलं तर आतल्या दारात आर्थर.

त्याने ऐकलं होतं. पहिल्यांदाच.

"तू म्हणाललंस तो गप झालो."

मी मान खाली घातली.

आर्थर वळला. रिकाम्या मागच्या दाराकडे बघून बोलला, "सत्यवान, त्या दिवशी मी कुलूप घालूक नाय रे. खोटा बोललंय."

उत्तर आलं नाही. गारवा मात्र गेला.

आर्थरने शर्ट चढवला आणि तसाच रुक्मिणीच्या घरी गेला. काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. ती आता आमच्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

त्यानंतर आवाज कधी आला नाही. निलेश म्हणतो, खरं ऐकून सत्यवान सुटला. असेलही. पण मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तोही आता आमच्याशी बोलत नाही.

परवा डबा द्यायला गेले तेव्हा लाईट गेलेली होती. स्विचला कुलूप, चावी निलेशच्या खिशात. निलेश आपला बाहेर चहा पीत बसला होता.

आर्थर क्रशरच्या तोंडाशी वाकून उभा होता. कान लावून.

"इचार रे," हळूच म्हणत होता. "एकदा तरी इचार."