तक्त्यातली शेवटची ओळ

"पेटी माझ्याकडे द्या, केबिनमध्ये हादरे बसत नाहीत," लाँचचा कप्तान तिला म्हणाला. वीस मिनिटांनी त्याने लाँच जेट्टीवर अशी काही आदळली की साठ माणसं एकमेकांच्या अंगावर कलंडली.

पेटीतल्या भिंगांना मात्र ओरखडाही आला नाही, कारण स्वारीने एका हातात सुकाणू धरलं होतं आणि दुसऱ्या हातात पेटी. पुढच्या वेळी दोन्ही हात सुकाणूवर ठेवा, असं तिने त्याला सुनावलं. पेटी कोणाची आहे ते बघून ठरवीन, असं तो म्हणाला. चौतीस वर्षांची बाई, सोबत दोन ट्रंका, मागे सोडलेली नोकरी... आणि तरी तिचे कान गरम झाले. याचा तिला स्वतःचाच राग आला.

ती गावी परत आली होती ती बाबांचं चष्म्याचं दुकान उघडायला. बाबा गेल्यापासून चार वर्षं ते बंद होतं. तिने कपाटं धुतली, फ्रेमा मांडल्या, डोळे तपासायचा पिवळा पडलेला तक्ता गुंडाळून दाराआड ठेवला आणि त्या जागी नवाकोरा लावला. शहर का सोडलं ते मात्र तिने आईलाही सांगितलं नव्हतं. आईने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं.

कप्तान दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर झाला. त्याला स्वतःला चष्मा नव्हता, पण लोकांचे हरवलेले चष्मे त्याला लाँचवर सापडायचे. आधी आठवड्याला एक, मग दिवसाआड एक. प्रत्येक वेळी तो काउंटरला टेकून उभा राही, आणि तिचं हसू दाबता दाबता फुटून जाई. "गावाला एकदम विसरभोळेपणाची साथ आली की काय?" वरच्या मजल्यावरून आई विचारायची, मुद्दाम मोठ्याने.

तिसऱ्या आठवड्यात तो आला तेव्हा हातात चष्मा नव्हता, फॉर्म होता. दर पाच वर्षांनी लाँचच्या कार्यालयाला नजरेचा दाखला लागे. मागचा बाबांनी दिला होता. आज शेवटचा दिवस, आणि कार्यालय पाचला बंद होणार. घड्याळात साडेतीन झाले होते.

"शेवटचीच ओळ विचारा," खुर्चीत बसत तो म्हणाला. "वेळ वाचेल."

तिने त्याचा उजवा डोळा झाकला.

"न, र, ग, व, ल, प." पाढा म्हणावा तसा तो घडाघडा बोलून गेला.

तिचा हात तिथेच थांबला. समोरच्या नव्या तक्त्यावर शेवटच्या ओळीत यातलं एकही अक्षर नव्हतं. तिने डावा डोळा झाकला. पुन्हा तीच सहा अक्षरं, त्याच चालीत.

ती दारापर्यंत गेली, जुना तक्ता आणून तिने काउंटरवर पसरला. "हा मी तीन आठवड्यांपूर्वी काढला."

त्याचा चेहरा उतरला.

"गेल्या वर्षापासून लांबचं धूसर दिसतंय," तो म्हणाला. "काकांचंही असंच सुरू झालं होतं. डोळ्याचा पडदा खराब निघाला, त्यांना लाँचवरून उतरवलं. आठ वर्षं खिडकीशी बसून होते. मला दुसरं काही येत नाही गं... सही कर."

अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"नाही."

"आजच्यापुरती."

"शहरात मी चाळीस सह्या केल्या," ती म्हणाली. "चाळीस ड्रायव्हर. साहेब म्हणाले, वेळ नाही, करून टाक. एकाचाही डोळा मी बघितला नाही. त्यातल्या एकाने गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. तो वाचला... पण मी पुन्हा त्या खुर्चीत बसू शकले नाही. एक्केचाळिसावी सही मी करणार नाही. आणि तू आहेस म्हणून तर मुळीच नाही."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

त्याने फॉर्मची घडी केली आणि तो दाराकडे निघाला. जाऊ दे, असं तिचं एक मन म्हणत होतं. दुसरं घाबरंघुबरं झालं होतं. हा बाहेर पडला तर दुसऱ्या कोणाकडून तरी सही घेईल आणि उद्या साठ माणसं घेऊन पाण्यात उतरेल.

"तक्ता पाठ कधी केलास?" तिने विचारलं.

तो पाठमोराच थांबला. "सोळाव्या वर्षी. त्या उन्हाळ्यात नऊ वेळा डोळे तपासून घेतले मी. तक्त्याच्या बरोबर खाली काउंटर होता... आणि तू फ्रेमा पुसत बसायचीस. नवव्यांदा तुझे बाबा म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, आता आलास तर मुलीलाच सांगेन."

"मग?"

"मग तू शहरात गेलीस. अक्षरं तेवढी राहिली."

ती दाराशी गेली आणि त्याचा दंड धरून तिने त्याला खुर्चीत आणून बसवलं. "आता खरं खरं वाच. काय निघेल ते दोघं मिळून बघू."

तिने खिडकीचा पडदा ओढला, त्याला चाचणीची फ्रेम चढवली आणि भिंगं बदलायला सुरुवात केली. हे स्पष्ट, की हे? हे, की आधीचं? डावा डोळा लवकर मानला. उजवा काही केल्या मानेना. चार भिंगं झाली, पाच झाली, अक्षरं पसरटच. फ्रेम काढून तिने डोळ्याचा पडदा बघायचं छोटं दिव्याचं यंत्र घेतलं आणि त्याच्या डोळ्यात वाकून पाहिलं. त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता.

"काय आहे आत?"

"गप्प बस."

पडदा स्वच्छ होता. तिने दोनदा पाहिलं, मग तिसऱ्यांदा, कारण आता तिचा स्वतःवरही भरवसा नव्हता. मग फ्रेम पुन्हा चढवून तिने तिरक्या नंबरचं एक भिंग घातलं आणि ती ते हळूहळू फिरवू लागली.

"थांब," तो म्हणाला. "स... म... ट..." मग बराच वेळ गेला. "क. ब. ह."

तिने डोळे पुसले आणि फॉर्म उघडला. तळाशी छापलं होतं – 'चष्म्यासह पात्र'. घाबरलेल्या माणसाने तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. तिने खूण केली, सही केली, बाबांचा शिक्का मारला. घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती.

"चष्मा तयार व्हायला दोन दिवस लागतील," ती म्हणाली. "तोवर सुकाणूला हात लावायचा नाही. बदली माणूस घे."

"मग दोन दिवस मी काय करू?"

"आधी फॉर्म देऊन ये. मग इथे बस. फ्रेमा पूस."

तो हसला. चाचणीची फ्रेम अजून त्याच्या नाकावरच होती. फ्रेममधल्या भिंगांतून तो तिच्याकडे बघत राहिला. कपाळावरचा तीळ, कानाशी पांढरे झालेले चार केस, ओल्या पापण्या... सगळं सावकाश, एकेक करून.

"तक्ता तिकडे आहे," ती पुटपुटली.

"तो वाचून झाला."

ती जागची हलली नाही.