बंद मिलचा आवाज

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. दिव्यानी माझी मावसबहीण. तिनं मला हे एकदाच सांगितलं आणि परत विचारू नको म्हणाली.

१५ मे २०२४, बुधवार. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपन्याजवळची सिमेंटची एक लहान फॅक्टरी.

दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर सेहेचाळीस डिग्री ऊन. असल्या वेळी कोणाला काही दिसेल, असं तुमच्या मनात तरी येईल का?

दिव्यानी चंद्रपुरात एका खाजगी एजन्सीत कामाला आहे. कारखान्यात जायचं, यंत्र धरून तिथला आवाज मोजायचा, आकडा लिहायचा. आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या कानावर नव्वद डेसिबलच्या वर आवाज पडू नये, असा कायदा आहे. आकडा वर गेला तर मालकाला उपाय करावे लागतात.

त्या दिवशी सरकारी इन्स्पेक्टर गुणवंतराव तिच्यासोबत होते. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेला, शांत माणूस.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. दिव्यानीचा बाप, आमचे लटारूकाका, याच फॅक्टरीत बावीस वर्षं मिलवर होते.

मिल म्हणजे लोखंडाचं भलंमोठं पिंप. आत लोखंडी गोळे. ते पिंप फिरतं, गोळे आदळतात, आणि दगडासारखा माल दळून सिमेंट होतं. तिथं दोन माणसं शेजारी उभी राहिली तरी हातवारे करूनच बोलतात.

काकांना कानात घालायला कधी काही मिळालं नाही. खांद्यावरचा दुपट्टाच कानांवर बांधून घ्यायचे. कान तपासायला कोणी आलं नाही. हळूहळू ऐकू येणं गेलं. पोरगी दहावीत पहिल्या वर्गात पास झाली, तेव्हा धावत येऊन तिनं सांगितलं. काका हसले आणि म्हणाले, "हो, जेवलो मी."

२०१६ साली फॅक्टरीच्या आवारात लोडर रिव्हर्स येत होता. हॉर्न वाजत होता. सगळ्यांनी ऐकला.

काकांनी नाही.

मृत्यूच्या कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

म्हणूनच दिव्यानीनं ही नोकरी धरली होती. पण तीन वर्षांत एकदाही तिला त्या मिलचा आवाज मोजता आला नव्हता. साहेब येणार म्हटलं की मिल बंद. कधी बेल्ट तुटलेला, कधी मेंटेनन्स. बंद मशीनचा आवाज काय मोजणार? रिपोर्टात "बंद" लिहायचं आणि घरी जायचं.

त्या दिवशीही तेच झालं. मॅनेजर म्हणाला, मिल दोन दिवसांपासून बंद आहे, नागपूरहून पार्ट यायचा आहे.

तरी नियम म्हणून दोघं शेडमध्ये गेले. मॅनेजर दारातच फोनवर बोलत थांबला.

आत सामसूम. पत्र्यावर एक कबूतर होतं, तेवढंच.

दिव्यानीनं यंत्र सुरू केलं. अठ्ठावन्न.

ती मिलच्या तोंडाकडे चार पावलं सरकली आणि...

बहात्तर.

तिनं यंत्र हलवून पाहिलं. कुठे काही वाजत नव्हतं. कबूतरसुद्धा गप्प झालं होतं.

अठ्ठ्याऐंशी.

"साहेब, हे पाहा ना."

गुणवंतराव जवळ आले. त्यांच्या डोळ्यांसमोर आकडा चढत गेला. शहाण्णव. एकशे तीन. एकशे सात.

तिथंच थांबला.

शेडमध्ये सुई पडली असती तरी ऐकू आली असती...

दिव्यानीनं मान वर केली.

मिलच्या तोंडाशी एक माणूस उभा होता. पाठमोरा. खाकी शर्ट, पाठीवर घामाचा नकाशा. दुपट्टा कानावरून घेऊन हनुवटीखाली बांधलेला. डावा खांदा किंचित खाली झुकलेला.

तो खांदा ती हजार माणसांत ओळखेल.

तिला भीती वाटली नाही. सांगताना हे ती दोनदा म्हणाली. तिला फक्त वाटलं, याला इथून घरी न्यायचं.

"बाबा."

तो वळला नाही.

"बाबा, मी दिव्या. चाला ना घरी."

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं...

तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता.

ओठ हलत होते, गळा ताणला जात होता, पण शब्द तोंडातून निघताच कुठेतरी विरत होते. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. पुन्हा पुन्हा. गळ्यात रक्ताची चव आली.

तो माणूस आपला मिलकडे तोंड करून उभा. त्याची पाळी जशी संपलीच नव्हती.

गुणवंतरावांना कोणी दिसलं नाही. पण हातभरावरच्या पोरीचं तोंड उघडतंय, गळ्याच्या शिरा फुगल्यात, आणि आवाजाचा कण नाही, एवढं त्यांनी पाहिलं. त्यांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. त्या झटक्यात त्यांचा दुसरा हात मिलला टेकला आणि त्यांनी तो चटकन काढून घेतला.

मिल तापलेली होती. दोन दिवसांपासून बंद असलेली मिल.

दिव्यानीनं पुन्हा पाहिलं, तर तिथं कोणी नव्हतं. यंत्रावर अठ्ठावन्न.

तिनं गुणवंतरावांना सगळं सांगितलं. कोण दिसलं, ते कोण होते, सगळं. घशातून नीट आवाजही फुटत नव्हता. त्यांनी मिलवर पुन्हा एकदा हात ठेवून पाहिला. मग दारात जाऊन मॅनेजरला म्हणाले, "मिल सकाळपर्यंत चालू होती. आता माझ्यासमोर सुरू करा."

मॅनेजरनं पार्टचं कारण पुन्हा सांगितलं. कोणाकोणाला फोन लावून पाहिले. गुणवंतराव खुर्ची मागवून शेडच्या दारात बसले. चार वाजता मिल सुरू झाली.

दिव्यानीनं त्याच जागी यंत्र धरलं.

एकशे सात.

ऑफिसात आल्यावर तिनं यंत्र तपासून घेतलं. त्यात कसलाच बिघाड नव्हता.

पुढे नोटीस निघाली, केस झाली. मिलजवळ आवाज अडवणारी काचेची कॅबिन बसली. सव्वीस कामगारांचे कान तपासले, त्यातल्या एकोणीस जणांचे अधू निघाले. त्यातल्या कोलू नावाच्या कामगाराला तर एका कानानं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते त्याच्या बायकोलाही त्यानं सांगितलं नव्हतं.

चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

मिलमध्ये हे घडलं त्याच संध्याकाळी दिव्यानी गावी गेली होती. भागीरथामावशी, तिची आई, वाती वळत बसली होती. आईजवळ तिला राहवलं नाही. बाबा दिसले, एवढंच ती बोलली.

मावशी रडली नाही. हातातली वात पुरी वळली. मग तिनं विचारलं, "त्याईले आता तरी आयकू येते का वं?"

दिव्यानीनं आईकडे पाहिलं.

"येते," ती म्हणाली. "सगळं आयकू येते."

मावशीला आयुष्यभर नवऱ्याशी ओरडून बोलायची सवय. तिचा साधा शब्दही तीन घरं पलीकडे जायचा. ते गेल्यावरही भिंतीवरच्या फोटोशी ती तशीच मोठ्यानं बोलायची, आम्ही पोरं हसायचो.

आता ती फोटोसमोर बसून अगदी हळू बोलते. इतकं हळू की शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. कापसाचं सांगते, पोरीच्या लग्नाचं सांगते. मधेच थांबते, हसते.

मावशीला वाचता येत नाही, म्हणूनच हे इथं लिहायचा धीर झाला.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. मावशी आत फोटोशी बोलत होती. दिव्यानी दारात उभी होती, चपला पायात तशाच. आत जाईना.

मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "मी किती ओरडली रे. त्याईनं मान बी वळवली नाई."