रुखसतीची गाडी

"माझ्या हातचं इतकं कडू लागतं का हो, अम्मी?" सासूपुढचं ताट उचलताना अर्शीचा आवाज चिरकला. "दोन घास खाऊन हात धुता! नवी पेठेतल्या बायका विचारतात मला, सासूला उपाशी ठेवतीस काय म्हणून!"

सरदारबी नुसत्या हसल्या... गेल्या वर्षी कॅन्सर झालेली अन्ननलिका काढून डॉक्टरांनी त्यांचं जठरच छातीत वर ओढून जोडलं होतं. त्यातून त्या उठल्या, पण हल्ली घास उतरला की छातीत कळ यायची, श्वास कोंडायचा. सांगावं तरी कुणाला? नात जोयाचं लग्न तोंडावर आलेलं! आपण दवाखान्यात आडवं झालो, तर मुलगा रफीक लेकीचं लग्न पुढं ढकलणार, हे त्या ओळखून होत्या. म्हणून सुनेचे बोल त्यांनी मुकाट्यानं गिळले; घासापेक्षा तेच सोपे जात होते!

लग्न थाटात लागलं. रुखसतीच्या, म्हणजे पाठवणीच्या वेळी जोयानं दादीच्या छातीवर डोकं टेकवून हंबरडा फोडला आणि... एकदम गप्पच झाली!

"अब्बू, दादीच्या छातीत पोट गुरगुरतंय! आणि अंग बघा की, घामानं लई गार पडलंय!"

"काही नाही गं, जा तू तुझ्या घरी," सरदारबी पुटपुटल्या आणि मटकन खाली बसल्या.

मग काय विचारता! फुलांनी सजवलेल्या गाडीत नवरीऐवजी तिची दादी, नवरा-नवरी मागोमाग रिक्षात, आणि सगळी वरात थेट दवाखान्यात! डॉक्टरही चकित झाले. जठर वर नेलेल्या वाटेनं मोठं आतडं आणि कधी नव्हे ते स्वादुपिंडसुद्धा छातीत शिरलं होतं. लगेच ऑपरेशन करून त्यांनी सगळं जागच्या जागी बसवलं.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडताच सरदारबींना मेंदीभरल्या हातांची जोया दिसली.

"तू अजून हितंच? फरहानमियाँ, घेऊन जावा की हिला!"

नवरदेवासकट सगळे खळखळून हसले. अर्शी तेवढी पायाशी मान खाली घालून उभी होती.

"किती टोचून बोलले मी, अम्मी... माझी सख्खी आई असतात, तर लपवलं असतंत का हो?"

"अगं येडे," सरदारबींनी तिचा हात जवळ ओढला, "आईच तर लपवती!"

अर्शीनं असा काही गळा काढला, की नर्स धावत आली. "ह्यातली पेशंट कोण?" म्हणत तिनं दोघींनाही दटावलं आणि सुनेला बसायला स्टूल आणून दिलं.