‘नाही’भोवतीची चौकट

खोटं वाटत असेल तर वाटू दे. हे माझ्याच बाबतीत घडलंय आणि आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

रात्र नव्हती. भर दुपार होती. जागा, तळघरातला कॉम्प्युटर क्लास.

माझी ताई तिथे शिकवायची. दवाखान्यासाठी तिने एक प्रोग्रॅम बनवला होता. कुठल्या पेशंटला कुठलं औषध, सगळं स्क्रीनवरच्या एका खिडकीत. ती तापाने फणफणली होती, तरी क्लास चालवणाऱ्या सरांनी सुट्टी दिली नाही. डेमो झाला की झोप काढ म्हणाले.

डेमोआधीच ताई गेली. डेमो पुढे ढकलला.

तिची बॅग आणायला गेले तेव्हा प्रोग्रॅममधली ‘माहिती’ची खिडकी उघडून पाहिली. बनवणाऱ्याच्या जागी सरांचं नाव! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

मी त्याच क्लासला नाव घातलं. खिडकी आखायला शिकले, बटणं बसवायला शिकले. बटणामागे कोड लिहिला नाही तर ते नुसतं शोभेचं, कितीही दाबा. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, “बहिणीचं डोकं काही आलं नाही हो हिच्यात.” मी दात-ओठ खात ऐकून घ्यायची.

ताईची एक सवय होती. काहीही पुसण्याआधी तिचा प्रोग्रॅम विचारायचा, ‘खात्री आहे?’ आणि ठिपक्यांची चौकट कायम ‘नाही’भोवती ठेवलेली, म्हणजे एंटर मारला की ‘नाही’च. ती म्हणायची, “घाईतला माणूस वाचत नाही गं, नुसता एंटर मारतो.”

त्या दुपारी सर जेवायला गेले. संध्याकाळी दवाखान्याच्या डॉक्टरबाई प्रोग्रॅम बघायला येणार होत्या. मला वाटलं, ताईचं काम या माणसाच्या घशात का घालायचं? त्यापेक्षा राहूच नये. मी एक खिडकी आखली. एकच बटण, ‘पुसा’. दाबलं की ताईचा अख्खा प्रोग्रॅम साफ. प्रश्न-बिश्न काही ठेवला नाही.

बटण दाबलं.

आणि… प्रश्न आला.

‘ठमे, खात्री आहे?’

मला ठमे फक्त ताई म्हणायची.

चौकट ‘नाही’भोवती होती. मी माउसने ‘हो’ दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं…

शेजारचं मशीन बंद होतं. तिथून आवाज आला… टक… टक… विचार करताना ताई स्पेसबारवर नख वाजवायची, तसा.

मला भीती वाटली. त्याहून जास्त राग आला, तिचाच. मेल्यावरही मलाच अडवतेस? रडत रडत मी एंटर मारला. आवाज थांबला. प्रोग्रॅम जागच्या जागी होता. मी माझा कोड वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात तो प्रश्न कुठेच नव्हता.

संध्याकाळी सर डॉक्टरबाईंना प्रोग्रॅम दाखवायला बसले. आम्ही मुलं मागे उभी. शेवटी त्यांनी ऐटीत ‘माहिती’ उघडली. त्यावर एक प्रश्न आला.

‘हे नाव खरं आहे?’

चौकट ‘नाही’भोवती… सर बोलण्याच्या नादात होते. न वाचता त्यांनी एंटर मारला.

त्यांचं नाव गेलं. त्या जागी ताईचं पूर्ण नाव आलं. सरांनी खिडकी बंद करून पुन्हा उघडली. ताईचंच नाव.

“या कोण?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

सर पुन्हा खिडकी बंद करायला लागले. मीच म्हणाले, “माझी बहीण. भर तापात बसवून हे काम करून घेतलं तिच्याकडून. त्यातच गेली ती.”

ताईचं नाव आजही तिथे आहे. सरांचं काहीच वाकडं झालं नाही. आता दुसऱ्या गल्लीत नवा क्लास काढलाय, आणि शिकवायला एक नवी मुलगी ठेवलीय. परवा ती बसस्टॉपवर दिसली. खोकत होती.

घरी येऊन मी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेली ती जुनी खिडकी उघडली. का, ते मलाही सांगता येणार नाही. ‘पुसा’ दाबलं.

‘ठमे, खात्री आहे?’

टक… टक…

या वेळी चौकट ‘हो’भोवती आहे. काय पुसायचं, ते तिने लिहिलेलं नाही.

मी अजून एंटर मारलेला नाही. खिडकीही बंद होत नाहीये.