एक मिनिट बावन्न सेकंद

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्या कॉम्प्युटरवर अर्धवट उभा होता. म्हणजे खुर्चीतून उठताना मीच त्याला पडद्यावर थांबवलं होतं — एक हात वर, दुसऱ्या हातात माइक, आणि डोळे घट्ट मिटलेले.

माणसाची ओळख व्हायची ही काही रीत नव्हे. पण आमचा धंदाच तसला! वडवणीच्या बसस्टँडसमोर आमचं दुकान, 'भैरवनाथ डिजिटल'. पासपोर्ट फोटोपासून लग्नाच्या शूटिंगपर्यंत सगळं. आणि अजूनही डीव्हीडी करून देणारं अख्ख्या तालुक्यात बहुधा एकटंच. दुकान अण्णांनी, माझ्या वडिलांनी, उभं केलं. अकरा हंगाम ऊस तोडला तेव्हा कुठं पहिला कॅमेरा आला. त्यातले सहा हंगाम मीही त्यांच्या मागं उसाच्या फडात होते, शाळा बुडवून. आता अण्णांना डोळ्यांनी कमी दिसतं. ते काउंटरवर बसतात, कॉम्प्युटर माझ्याकडे.

आदल्या दिवशी उत्तरेश्वर नाना पेनड्राइव्ह घेऊन आले होते. नाना म्हणजे आमच्या भागातले पुढारी, आणि आमच्या गाळ्याचे मालकही. एका वाहिनीनं बीडला त्यांचा 'जनतेसमोर' असा काहीतरी कार्यक्रम केला होता आणि तो त्यांच्या पोरानं सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्ड करून ठेवला होता.

"तेजू, ह्याच्या साठ डीव्हीडी कर," नाना म्हणाले. "पाच दिवसांनी ऊसतोडीच्या टोळ्या निघत्यात. टोळीमागं एक द्यायची. मागच्या इलेक्शनला टोळ्यांना प्लेअर वाटलेत आपण, त्येच्यावर लागली पायजे."

"नाना, पेनड्राइव्हच वाटा की. काम सोपं होईल."

"आन् कव्हरवरचा माझा फोटो? पेनड्राइव्हवर फोटो कुठं मावतो?"

मी मान डोलावली. जाता जाता नाना वळले. "आन् त्यात एक पोरगं मधीच उठतंय, काहीबाही इचारतंय. तेवढं काढ. काम झालं की फाईल बी पुसून टाक."

आता ही फाईल जशीच्या तशी डिस्कवर टाकली, तर नानांचे ते जुने प्लेअर तिला ओळखत नाहीत. चित्र वेगळं करायचं, आवाज वेगळा करायचा, दोन्ही नव्या साच्यात बसवून परत जोडायचे. आणि जोडताना हमखास घोटाळा होतो. ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. मग ओठ मिटणारं अक्षर शोधायचं — प, ब, म — आणि तिथं आवाज नेमका आणून बसवायचा. पण नानांच्या मिशा एवढ्या झुपकेदार, की त्यांचे ओठ मिटतात कधी आणि उघडतात कधी, देव जाणे. म्हणून मी बिनमिशीचा माणूस शोधत पुढं गेले... आणि तो सापडला.

नाना स्टेजवरून सांगत होते, "आपल्या वसतिगृहात ऊसतोड कामगारांची चाळीस लेकरं सुखानं ऱ्हात्यात." तेवढ्यात हा उठला. डोळे एकदा घट्ट मिटले, उघडले आणि म्हणाला, "नाना, तिथं शिकवायला नेमलेला मीच हाय. चाळीस लेकरं न्हाईत तिथं. तुमचा कडबा हाय."

सभागृह खो-खो हसलं. नाना पाणी प्यायले. निवेदिकेनं सारवासारव केली. सगळं मिळून एक मिनिट बावन्न सेकंद.

'कडबा'मधल्या 'ब'वर ओठ छान मिटत होते. तिथं आवाज बसवला. पुन्हा लावून पाहिलं. जुळला होता. तरी पुन्हा लावलं... आणि पुन्हा... खोटं कशाला बोलू? दहाव्या वेळेनंतर मी आवाज तपासत नव्हते.

"किती येळ झाला, कडबा कडबा चाललंय," काउंटरवरून अण्णा म्हणाले. "म्हैस घ्यायची का आपल्याला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली आणि दुकानात भिजलेली चप्पल वाजली.

"मॅडम, टीव्हीचं रेकॉर्डिंग डिस्कवर करून मिळतं का इथं?"

मी मान वर केली आणि तोंडातून जे निघालं ते निघालं, "अगंबाई, तुमचा आवाज तर ओठांबरोबर येतोय!"

"आँ?"

अण्णांना ठसका लागला. मी घाईघाईनं स्टूल पुढं केलं. त्यानं नाव सांगितलं, आदिनाथ, तेलगावचा. केसांतून पाणी निथळत होतं, पण हातातली प्लास्टिकची पिशवी मात्र कोरडी. तिच्यात अर्ज होता.

"त्या वसतिगृहाची तक्रार केलीय मी," तो म्हणाला. "हापिसातले साहेब म्हणत्यात, नाना टीव्हीवर काय बोलले त्याचा पुरावा जोडा, सीडीवर. नेटवर कार्यक्रम हाय, पण त्यात मी न्हाईच. माझा प्रश्नच काढलाय. अकरा गावं फिरलो. कुणी तरी म्हणालं, नानांच्या घरचं रेकॉर्डिंग तुमच्याकडं आलंय..."

एका गिऱ्हाइकाला प्रश्न नको होता आणि दुसऱ्याला फक्त प्रश्नच हवा होता. आणि नानांच्या घराबाहेर तो प्रश्न आता जगात एकाच जागी उरला होता, माझ्या कॉम्प्युटरमध्ये.

"न्हाई मिळाला तर?" मी विचारलं.

"तीन दिवसांनी टोळ्या निघणार. वसतिगृह उघडलं न्हाई, तर एकतीस लेकरं आईबापामागं फडात जाणार. यादी हाय माझ्याकडं. त्यातली चार-पाच परत शाळेत येत न्हाईत कधी."

ती चार-पाच कोण असतात, मला विचारा ना. अण्णांनी कॅमेरा घेतला नसता, तर मीही त्यातच असते.

"तेजे," अण्णा हळूच म्हणाले, "गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्याच्या हातात द्यायचा न्हाई. आजवर दिला न्हाई आपण."

"लग्नाची सीडी घरची असती, अण्णा. हे तर टीव्हीवर साऱ्या महाराष्ट्रानं बघितलंय."

"गाळा जाईल."

"जाऊ द्या."

अण्णा उठले आणि पावसाचं पाणी आत येतंय असं म्हणत त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं.

मी कोरी डिस्क आत सरकवली.

"वीस मिनिटं लागतील," मी म्हणाले. "तोवर टेबलाला धक्का लावायचा न्हाई."

"मग काय करायचं?"

"गप बसायचं."

तो गप बसला. पण किती वेळ? मिनिटभर असेल. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याच्या ओल्या बाहीचा वास माझ्यापर्यंत येत होता, आणि मी उगाचच माउस इकडून तिकडे हलवत होते.

"मॅडम..."

"तेजश्री."

"तेजश्री... मघाशी तुमी ते काय म्हणाला? आवाज, ओठ..."

"कालपासून बघतीय मी तुम्हाला."

"कुठं?"

"इथंच. तुमी बोलायच्या आदी डोळे मिटता. मग नरड्याची घाटी एकदा वर-खाली होती. शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाचं हाय. आज बी तोच शर्ट हाय."

त्याचा हात चटकन बटणाकडे गेला. कान लाल झाले. गव्हाळ रंगाचा माणूस इतका लाल होतो, हे मला नवीनच होतं.

"किती... किती वेळा बघितलं?"

"सांगितलं तर पळून जाल."

"पाऊस पडतोय. पळून कुठं जाणार?" तो हसला, आणि मग एकदम गंभीर झाला. "हे तुमी कावून करताय? नाना सोडायचे न्हाईत."

"तुमी कावून उठला होता? तुमाला तरी नाना कुठं सोडणार हायेत?"

"मी तर लई घाबरलोतो. पाय लटलटत होते."

"दिसले मला," मी म्हणाले. "पण तुमी खाली बसला न्हाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. वीस मिनिटांतली उरलेली मिनिटं कुठं गेली, मला आठवत नाही. डिस्क बाहेर आली तेव्हा दोघंही दचकलो. ती दुकानातल्या दोन्ही प्लेअरवर लावून बघितली, चालली. मग हातातून हातात देताना ती जरा जास्तच वेळ दोघांच्याही हातात राहिली. अण्णा त्या वेळी बाहेर पाऊस बघत होते. निदान तसं दाखवत तरी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच नानांना फोन करून बोलावलं. मागाहून कुणाकडून कळावं, हे मला नको होतं. पाठीत वार करायचा असता, तर मी पुढारी झाले नसते का?

"हा तुमचा पेनड्राइव्ह," मी म्हणाले. "साठ काय, सहाशे डिस्क करून देते. पण पोरगं काढणार न्हाई. टीव्हीवर झालं तसंच येईल. आन् एक डिस्क मी त्या पोराला दिलीय. तुम्हाला तोंडावर सांगतीय."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते अगदी हळू बोलले. "गाळा खाली कर."

"आठवड्यात करते."

अण्णांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसू लागले.

डिस्क साहेबांच्या टेबलावर गेल्याचं नानांच्या कानावर आलं, आणि मग काय गंमत झाली सांगू? त्याच रात्री दोन ट्रॅक्टर लावून कडबा हलवला. सकाळी अधिकारी पोचले तेव्हा वसतिगृह झाडून लख्ख! दारात रांगोळी, आणि उद्घाटनाला स्वतः नाना, गळ्यात हार घालून. घ्या! पण दार उघडलं होतं. टोळ्यांचे ट्रॅक्टर गावातून निघाले, तेव्हा एकतीस लेकरं ओसरीवर रांगेनं उभी राहून आईबापाला हात करत होती. काही रडत होती. मीही.

दुकानाचं सामान घरी हलवायला आदिनाथ आला. मॉनिटर त्यानं स्वतः उचलला, तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरून. ओट्यावर ठेवला, घाम पुसला आणि उभाच राहिला.

"तेजश्री, मला... म्हणजे माझं असं म्हणणं हाय... का तुमचं दुकान माझ्यामुळं... आन् मी..."

"आवाज मागून येतोय तुमचा," मी म्हणाले. "ऱ्हाऊ द्या, मीच बोलते. मला तुमी आवडता. लग्न करायचं तर तुमच्याशीच. तुमचं काय?"

तो असा काही हसला की मला उत्तराची गरजच उरली नाही. तरी मी थांबले. मला उत्तर पाहिजे होतं.

"हो," तो म्हणाला. "लई दिवसांपासून. म्हणजे सहा दिवसांपासून." मग चेहरा उतरला. "पण आईला इचारावं लागंल. आई टोळीत गेलीय. तिच्याकडं फोन न्हाई, मुकादमाच्या फोनला रेंज न्हाई. चैतात येईल."

"चैत्रापर्यंत कोण थांबतंय? आपणच जाऊ."

"तिकडं? फडात?"

आतून अण्णांचा आवाज आला, "मी बी येतो. तुमा दोघांना फड सापडायचा न्हाई." आणि ते टोपी घालून बाहेर आलेसुद्धा.

दोन एसट्या बदलून, कारखान्यापासून तीन कोस चालून आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आदिनाथच्या आई, बायनाबाई, फडात होत्या. डोक्याला फडकं, हातात कोयता, अंगभर उसाच्या पाचटाची धूळ. पोराला बघून त्या घाबरल्याच. सगळं नीट आहे हे कळल्यावर मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदिनाथ बोलायला लागला तर त्यांनी त्याला हातानं थांबवलं. पायापासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं मला.

"मोळी बांधता येती का?"

या प्रश्नाचा अर्थ आमच्याकडे लहान पोरीलाही कळतो. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. पोरगा जोडीनं फडात जावा म्हणून सून आणायची, आणि सून आणताना हेच विचारायचं. आदिनाथचा चेहरा पांढराफटक पडला. अण्णा जमिनीकडे बघायला लागले. मला खोटं बोलता आलं असतं.

"येती," मी म्हणाले आणि वाकले. उसाचे शेंडे घेतले, पिळून बंध केला, मोळी गुडघ्यानं दाबून आवळली. इतक्या वर्षांनीसुद्धा हातांना सगळं आठवत होतं. तळव्याला कापलं, तेही जुन्याच जागी.

बायनाबाईंनी मोळी उचलून पाहिली. ती घट्ट होती. मग त्यांनी कोयता लावला आणि मी बांधलेला बंध एका फटक्यात तोडून टाकला. ऊस सगळा पायाशी पसरला.

"झकास बांधती," त्या म्हणाल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि कापलेल्या जागी पदराचं टोक दाबून धरलं. "पर हे शेवटचं. माझी सून परत उसाला हात लावायची न्हाई. तिची लेकरं बी न्हाई."

आदिनाथ काहीतरी बोलणार होता. पण त्याची आई मला सावलीकडे घेऊन निघाली होती, आणि तो अण्णांचा हात धरून आमच्या मागं येऊ लागला.